वस्तीतल्या कामावरून शिष्यवृत्तीचा अर्ज: आधी वही, मग निबंध

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने पाच मित्रमैत्रिणींसोबत शहराच्या पूर्व भागातल्या एका वस्तीत दीड वर्ष काम केलं. पाणी साठवण्याच्या बॅरलमध्ये होणाऱ्या डासांच्या अळ्या मोजणं आणि त्या कमी करणं, हे काम. घरची परिस्थिती बेताची आहे. या कामाच्या जोरावर पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळेल का आणि अर्ज कसा लिहावा?

मिळू शकते. पण अर्ज लिहायला बसण्याआधी कुठली शिष्यवृत्ती कशावर मिळते हे नीट पाहून घ्या, कारण बरेच जण इथेच महिना वाया घालवतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या योजना, मग ती राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो की मॅट्रिकोत्तर योजना, तुमचा प्रकल्प बघत नाहीत. तिथे उत्पन्न, प्रवर्ग, प्रवेशाचा प्रकार आणि हजेरी बघितली जाते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक योजनांचंही तसंच. आई किंवा वडील विडी कामगार असतील आणि त्यांच्याकडे कामगार ओळखपत्र असेल, तर केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी योजना त्याच पोर्टलवर आहे. सोलापुरातल्या पुष्कळ घरांना ती लागू होते, तरी मुलं तिचा अर्जच करत नाहीत. हे अर्ज आधी भरून टाका. त्यांत निबंध नाही, त्यामुळे प्रकल्पाची फाइल जोडून उपयोग नाही. मात्र दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येतात का, हे दोन्ही योजनांच्या अटींत वाचा. नंतर पैसे परत करण्याची वेळ येऊ शकते.

प्रकल्पाला वजन असतं ते निबंध, शिफारसपत्र आणि मुलाखत या तिन्ही गोष्टी असतात तिथे: खासगी न्यासांच्या शिष्यवृत्त्या, काही विद्यापीठांच्या स्वतःच्या आणि परदेशी शिक्षणाच्या. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती गुणांइतकंच चारित्र्य आणि लोकांसाठी केलेलं काम पाहते. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला नेतृत्वाचे दाखले लागतात, पण तिथे २,८०० तासांच्या, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाचीही अट आहे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने आज तिच्या मागे लागू नये. नोंदी मात्र आजच नीट ठेवाव्यात, तेव्हा त्याच कामी येतील.

आता मुख्य मुद्दा. निवड समिती वस्तीला पैसे देत नसते, तुम्हाला देत असते. डासांचा प्रश्न किती गंभीर आहे हे तिला पटवून देण्यात अर्धा निबंध घालवलात, तर उरलेल्या अर्ध्यात तुम्ही दिसत नाही. प्रकल्पाचा अहवाल महाविद्यालयात जमा केलेला असतो, तोच काटछाट करून अर्जात चिकटवला जातो आणि तिथेच अर्ज पडतो. अहवालात ‘काय झालं’ असतं. अर्जात ‘तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं, ते चुकलं तेव्हा काय केलं’ हे लागतं. आणि ते पटवून द्यायला त्या-त्या दिवशी लिहिलेली वही लागते.

म्हणून पहिलं काम निबंधाचं नाही, वहीचं. अंतिम तारखेच्या आठ आठवडे आधी सगळ्या नोंदी एकत्र करा: सर्वेक्षणाच्या वह्या, मोबाइलमधले तारखेसह फोटो, ग्रुपवरचे निरोप, खर्चाच्या पावत्या, राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर तिथली कामाची डायरी. त्यातून एकच तक्ता काढा. त्यात सहा रकाने पुरतात: तारीख, गेलेली घरं, बंद असलेली घरं, प्रत्यक्ष तपासलेली घरं, तपासलेली पाण्याची भांडी, अळ्या सापडलेली भांडी. अळ्या सापडलेल्या घरांचा आकडा सर्वेक्षणाच्या वह्यांतून वेगळा काढा.

बंद घरांचा रकाना लोक वगळतात, आणि नेमका तोच विचारला जातो. पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस दिवसा झोपलेला असतो. बाई विडी जमा करायला गेलेली असते. सकाळी अकराला गेलात तर कुलूप किंवा झोपमोड, दोन्हींपैकी एक ठरलेलं. समजा १२० घरांना गेलात आणि १४ बंद होती, तर तुमचा छेद १०६ आहे, १२० नाही. अळ्या ३१ घरांत सापडल्या तर प्रमाण २९.२ टक्के. आरोग्य खातं याला हाऊस इंडेक्स म्हणतं. त्या १०६ घरांतल्या ५३० भांड्यांपैकी ४४ भांड्यांत अळ्या असतील, तर कंटेनर इंडेक्स ८.३. दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेट्यू इंडेक्स, तो ४१.५. (हे आकडे हिशेब दाखवण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.) तिन्ही निर्देशांक निबंधात कोंबू नका. एक निवडा, बाकीचे मुलाखतीसाठी ठेवा. पण मोजणी तिन्हींची हवी, कारण घर आणि भांडं यांत फरक पडतो. एका घरात एक हौद, दोन बॅरल, एक रांजण, कूलरची टाकी आणि फ्रिजमागचा ट्रे असतो. हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे चालतात, बॅरलला घासणी लागते, फ्रिजचा ट्रे तर कुणाला आठवतच नाही.

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे फसतात ती गोष्ट, म्हणजे आधी आणि नंतरची तुलना. समजा पहिली मोजणी सप्टेंबरमध्ये केली, २९.२ टक्के आले. दुसरी जानेवारीत केली, ११० घरांपैकी ६ घरांत अळ्या, म्हणजे ५.५ टक्के. हात लगेच शिवशिवतात: ‘आमच्या कामामुळे ८१ टक्के घट.’ हे लिहिलंत आणि समितीत जीवशास्त्राचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा एक जरी माणूस बसलेला असला, तर त्याला दुसरं काही वाचायची गरज उरत नाही. पावसाळ्यात अळ्या वाढतात, पाऊस संपून थंडी पडली की आपोआप कमी होतात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात कुठेही मोजा, सप्टेंबरपेक्षा कमीच भरणार.

उपाय दोन, आणि दोन्ही केलेत तर उत्तम. एक म्हणजे सप्टेंबरची तुलना पुढच्या सप्टेंबरशी करा. तुमचं काम दीड वर्षाचं आहे, त्यामुळे ते जमतं. दुसरं, जिथे तुम्ही काहीच केलं नाही अशी सारख्याच घरांची एक वस्ती त्याच दिवसांत मोजा. शेजारचीच गल्ली घेऊ नका, डास गल्लीची हद्द पाळत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही, त्यामुळे अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर ठेवलंत तरी पुरे. समजा तुमच्या वस्तीत पुढच्या सप्टेंबरात ११२ पैकी १७ घरांत अळ्या सापडल्या, म्हणजे १५.२ टक्के. तुलनेच्या वस्तीत आधी १०० पैकी २८ होत्या, नंतर २२. तर तुमच्याकडे घट १४ टक्केबिंदूंची, तिथे ६ ची. मधला फरक ८. हा आठचा आकडा ८१ च्या मानाने चिमुकला दिसतो, पण तो मुलाखतीत टिकतो. शंभर घरांवर हे सांगताना ‘सिद्ध झालं’ हा शब्द वापरू नका, ‘दिसलं’ पुरेसा आहे.

तुलनेची वस्ती मोजलीच नसेल, आणि बहुतेकांनी मोजलेली नसते, तर ती आता मागच्या तारखेने तयार करू नका. निबंधात एका वाक्यात कबूल करा: ‘काम न केलेल्या वस्तीची मोजणी आम्ही केली नाही, त्यामुळे यातली किती घट आमची आणि किती पावसाची हे सांगता येत नाही.’ असं वाक्य अर्जात फार क्वचित येतं, आणि वाचणारा तिथे थांबतो.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे ‘वस्तीतला डेंग्यू कमी झाला’. तुम्ही रक्त तपासलं नाही, रुग्ण मोजले नाहीत, अळ्या मोजल्या. मोजलं त्याच्या पलीकडे एक पाऊलही जाऊ नका. ‘पाच हजार लोकांपर्यंत पोहोचलो’ हाही असाच आकडा. तो बहुधा मोबाइलवर पुढे पाठवलेल्या चित्रफितीचा असतो. पथनाट्य, प्रभातफेरी, पत्रकं यांचे आकडे कामाचे असतात, परिणामाचे नसतात. वृक्षारोपण केलेल्यांनाही हेच लागू आहे: जुलैत लावलेली झाडं मोजून उपयोग नाही, सोलापूरचा मे महिना पार करून किती उरली ते मोजायचं.

निबंधाकडे येऊ. समजा मर्यादा ५०० शब्दांची आहे. साधारण वाटणी अशी ठेवा: प्रश्न आणि जागा ६० शब्द, तुम्ही काय केलं १२०, कुठे चुकलं आणि काय बदललं १५०, काय दिसलं ८०, पुढचं शिक्षण आणि त्याचा या कामाशी संबंध ९०. सगळ्यात मोठा भाग चुकांना दिलाय हे बघून घाबरू नका. निर्णयशक्ती दिसते ती तिथेच.

पहिलं वाक्य ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ असं असेल तर ते खोडा. ‘भारतात दरवर्षी लाखो लोक...’ हेही खोडा. वस्तीतल्या एखाद्या नेमक्या गोष्टीने सुरुवात करा. उदाहरणार्थ: ‘आमच्या वस्तीत नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक दारात निळे बॅरल असतात. डासांची अळी आणि घरातलं पिण्याचं पाणी एकाच भांड्यात राहतात.’ इतक्यात जागा, प्रश्न आणि त्यामागचं कारण तिन्ही आलं. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी काही दिवस साठवणाऱ्या, आणि बॅरल कधीच पूर्ण रिकामा न करणाऱ्या घरात हे चक्र न थांबता चालू राहतं.

चुकांचा भाग कसा लिहावा, त्याचा एक नमुना देतो. आकडे आणि घटना कल्पित आहेत, बांधणी बघा:

‘सुरुवातीला आम्ही रविवार हा कोरडा दिवस, म्हणजे साठवलेली भांडी रिकामी करण्याचा दिवस, ठरवला. पहिल्या चार रविवारी ४० पैकी ७ घरांनीच बॅरल रिकामे केले. मी आमची वही आणि पाण्याचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं. रविवारी बहुतेक बॅरल अर्धे भरलेले असायचे आणि पुढचं पाणी दोन-तीन दिवसांवर असायचं. ज्या पाण्यावर घर चालायचं होतं तेच आम्ही ओतून द्यायला सांगत होतो. मग आम्ही वार सोडला आणि वेळ धरली. नळाला पाणी सुटण्याआधी, तळाशी बादलीभर उरलेलं असताना, बॅरल आतून काथ्याने घासायचा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही. पुढच्या चार फेऱ्यांत ४० पैकी २६ घरांनी हे केलं.’

यात रडगाणं नाही, ‘आम्ही हार मानली नाही’ नाही. चूक लोकांच्या माथी मारलेली नाही. ‘लोकांमध्ये जागरूकता नव्हती’ हे वाक्य तर अशा अर्जांतलं सगळ्यात आळशी वाक्य आहे. लोकांना डास चावतात, त्यांना ठाऊक असतं. त्यांनी तुमचं का ऐकलं नाही याचं कारण बहुतेक वेळा पाण्याच्या, पाळीच्या किंवा मजुरीच्या हिशेबात सापडतं. हजार विड्यांवर मजुरी ठरते तिथे दुपारचा अर्धा तास घासणीत घालवणं म्हणजे पैशांचा प्रश्न आहे, हे ज्याला कळलं त्याचा निबंध वेगळाच होतो.

भाषेचंही तसंच. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. पत्रक मराठीत छापलं, समजावणं मराठीत केलं आणि घरातल्या आजींनी मान डोलावली, हा प्रसंग इथे काम करणाऱ्या कुणालाही नवा नाही. तुमच्या गटात तेलुगू बोलणारं कोण होतं, त्याच्यामुळे काय बदललं, हे लिहा. आणि ते काम त्याचं असेल तर त्याच्याच नावावर लिहा.

इथून ‘मी’ आणि ‘आम्ही’चा प्रश्न येतो. मराठी मुलांना ‘मी’ लिहायला संकोच वाटतो. घरात तसंच शिकवलेलं असतं. पण सगळीकडे ‘आम्ही’ असेल तर समितीला सहा जणांतल्या तुम्ही सापडत नाही, आणि सगळीकडे ‘मी’ असेल तर ते खोटं वाटतं. सोपा मार्ग असा: सहाही जणांनी एका संध्याकाळी बसून एक कागद करावा. त्यावर कोणी कुठलं काम केलं ते लिहावं: मोजणीचा तक्ता कोणी आखला, घरांची यादी कोणी केली, तेलुगू संवाद कोणाचा, हिशेब कोणाचा, आरोग्य केंद्राशी बोलणं कोणाचं. सगळ्यांनी सह्या कराव्यात. मग प्रत्येकाने आपल्या कामाला ‘मी’ आणि बाकीला ‘आम्ही’ लिहावं. एकाच शिष्यवृत्तीला गटातले तिघे अर्ज करणार असतील तर हा कागद फारच गरजेचा आहे. तीन अर्जांत एकच परिच्छेद शब्दशः आला आणि तिघांनीही ‘संकल्पना माझी होती’ लिहिलं, तर तिघेही बाद होतात. संगणकाकडून लिहून घेतलेल्या निबंधांचंही हेच होतं. ते गुळगुळीत असतात, एकमेकांसारखे असतात आणि त्यांत बॅरल नसतो.

अर्ज इंग्रजीत द्यायचा असेल तरी पहिला खर्डा मराठीत लिहा. मात्र वाक्यं उचलून भाषांतर करू नका. मराठीत मुद्दे पक्के झाले की कागद बाजूला ठेवून इंग्रजीत नव्याने लिहा. ‘जनजागृती’, ‘सक्षमीकरण’, ‘तळागाळातील’ असे शब्द मराठीत नुसते पोकळ वाटतात, इंग्रजीत गेले की त्यांचा पार भुगा होतो. काही फॉर्म शब्द मोजतात, काही अक्षरं मोजतात आणि मोकळी जागाही धरतात. ५०० शब्दांचा निबंध २,००० अक्षरांच्या चौकटीत चिकटवला की शेवटचं वाक्य निम्म्यात तुटतं आणि फॉर्म काही बोलत नाही. चिकटवल्यावर शेवट वाचून बघा.

शिफारसपत्रांबाबत माझं मत ठाम आहे: नगरसेवक, आमदार, संस्थेचे अध्यक्ष यांची पत्रं नकोत. ‘होतकरू व हुशार विद्यार्थिनी असून तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ या ओळीची किंमत शून्य. ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय तोच हवा: राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक ज्यांनी अळ्या ओळखायला शिकवलं, नागरी आरोग्य केंद्रातल्या परिचारिका किंवा वैद्यकीय अधिकारी. आशाताईंचं पत्र चालेल का, असं विचारतात. दोन पत्रांत एक प्राध्यापकांचं असेल तर दुसरं त्यांचं नक्की चालतं, फॉर्मने पद किंवा पात्रतेची अट घातली नसेल तर. वस्तीतली घरं त्यांना पाठ असतात आणि तुम्ही किती वेळा परत आलात हे त्यांनीच पाहिलेलं असतं.

पत्र लिहिणाऱ्याला किमान तीन आठवडे द्या. सोबत एक पान द्या: शिष्यवृत्ती कशाची, शेवटची तारीख, कामाचा तक्ता आणि त्यांनी स्वतः पाहिलेल्या दोन-तीन प्रसंगांची आठवण. पत्र तुम्ही लिहून सहीला नेऊ नका. आपल्याकडे सर्रास चालतं, पण निबंध आणि पत्र एकाच हाताचं आहे हे भाषेवरून चटकन कळतं. परदेशी अर्जात दुवा थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर जातो. महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल असेल तर तोच द्या, आणि तो दुवा स्पॅममध्ये गेला नाही ना, हे दोन दिवसांनी सरांना विचारा.

तास लिहिताना हात आखडता ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास धरतात, दोन वर्षांचे २४०. तुमच्या प्रमाणपत्रावर २४० आहेत आणि अर्जात ९०० लिहिलेत, तर वरचे ६६० कुठून आले ते दाखवता आलं पाहिजे. गटाचे तास आणि तुमचे तास वेगळे काढा. सहा जण, दर फेरीला दोन तास, २४ फेऱ्या, म्हणजे गटाचे २८८ आणि तुमचे ४८. वहीभरणी, तक्ते, आरोग्य केंद्रातल्या भेटी यांचे तास त्यात वेगळे मिळवा.

खर्चाचा रकाना असेल तर पै-पैचा द्या. नमुना: बॅरलवर बांधायला कापड आणि इलॅस्टिक ३,६०० रुपये, छपाई ९००, दोन विजेऱ्या, पांढरे ट्रे आणि ड्रॉपर ९८०, प्रवास १,०००, एकूण ६,४८०. ११२ घरांनी भागलं की घरामागे साधारण ५८ रुपये. कापड एखाद्या कारखानदाराने फुकट दिलं असेल, तर ते शून्य रुपये नाही. बाजारभावाने किंमत लिहा आणि पुढे ‘देणगी’ असं नमूद करा. अळ्या बघायला पांढराच ट्रे का, हेही लक्षात असू द्या, गडद भांड्यात त्या दिसत नाहीत. हा प्रश्न मुलाखतीत सहज येऊ शकतो. इलॅस्टिकचं कापड किती महिन्यांत सैल पडलं, किती घरांनी ते पाणी काढताना काढलं आणि परत लावलंच नाही, हेही मोजलं असेल तर सांगा.

फोटोंविषयी. विड्या वळणाऱ्या बाईचा थकलेला चेहरा, तिच्या कडेवरचं मूल आणि बाजूला टी-शर्ट घातलेले तुम्ही, असा फोटो टाकू नका. कुणाचाही चेहरा दाखवायचा तर त्यांना समजेल त्या भाषेत विचारून परवानगी घ्या, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी घ्या. घरक्रमांक आणि नावं झाका. खरं तर चेहऱ्यांची गरजच नसते. घासणारे हात, आधीचा आणि नंतरचा बॅरल, वहीचं एक पान, एवढे तीन फोटो चौदा प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलतात. प्रमाणपत्रं फार तर तीन जोडा.

कागदपत्रांत थोडक्यात एवढंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असं असतंच. पण सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं असतं, एखादं अक्षर दुहेरी, कुठे ‘एच’ जास्त. अर्ज त्यावरून अडकतो किंवा पैसे खात्यात येत नाहीत. सगळे कागद एका ओळीत मांडून स्पेलिंग ताडून बघा, दुरुस्ती आधारची सोपी की बँकेची सोपी ते ठरवा आणि दोन महिने आधी करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कुठल्या आर्थिक वर्षाचा मागितलाय ते वाचा, मार्च संपला की वर्ष बदलतं. सरकारी योजनांसाठी बँक खातं आधारला नुसतं जोडलेलं पुरत नाही, थेट लाभासाठी ते सीड झालेलं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद झालेलं लागतं. बँकेत याच शब्दात विचारा.

मुलाखत. पाच प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी एका मिनिटात, मोठ्याने, कुणासमोर तरी बोलून तयार ठेवा. तुम्ही नेमकं काय मोजलं? घट तुमच्यामुळेच झाली कशावरून? तुम्ही नसता तर या कामाचं काय अडलं असतं? पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल? आणि पाचवा, जो मला सगळ्यात चांगला वाटतो: सोलापूरला उजनी धरणाचं पाणी रोज मिळायला लागलं तर तुमचा प्रकल्प संपला का?

या पाचव्यावर ‘नाही नाही, आमचं काम चालूच राहील’ असं म्हणून टाकू नका. विचार करा. पाणी रोज आलं तर बॅरलची गरज कमी होईल, आणि ते तुमच्या कापड-घासणीपेक्षा कितीतरी मोठं काम असेल. पण पाण्याच्या टंचाईची सवय लागलेली घरं बॅरल लगेच टाकून देत नाहीत. भरलेला बॅरल मग वापराविना जास्त दिवस तसाच राहील, आणि न हलणारं पाणी अळ्यांना अधिकच सोयीचं. म्हणजे पहिल्या वर्षी प्रश्न वाढूही शकतो. असं उत्तर पाठांतराने येत नाही, वस्तीत उभं राहिलेल्यालाच सुचतं. सुचलं नाही तर ‘हा विचार मी केला नव्हता’ म्हणा आणि तिथल्या तिथे मोठ्याने विचार करा. गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

मुलाखत ऑनलाइन असेल तर घरच्या वीज-नेटवर्कवर विसंबू नका, महाविद्यालयातली एखादी खोली आधी मागून ठेवा. कुठल्या भाषेत बोलता येईल ते आधीच ईमेलने विचारा.

अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा नाही, निदान चार दिवस आधी. भरल्यावर अर्ज क्रमांक लिहून घ्या, पूर्ण भरलेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून ठेवा, कारण मुलाखतीच्या आदल्या रात्री आपण काय लिहिलं होतं ते कुणालाच आठवत नाही. आणि त्याच आठवड्यात सप्टेंबर ते सप्टेंबरचा तक्ता दोन प्रतींत छापून नागरी आरोग्य केंद्रात नेऊन द्या, एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. मुलाखतीला जाताना ती प्रत मूळ वहीत ठेवून वही सोबत न्या.